मंडळीबाहेरचा ख्रिस्त

चेन्नईच्या पश्चिमेस असलेल्या अंबत्तूर येथे १९६४ साली औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि तमिळनाडूच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून माणसे तेथे कामाला आली. २०११ साली हे उपनगर महानगरपालिकेत समाविष्ट झाले. अशा वस्तीत ख्रिस्ती तरुणाला एक मोकळीक लाभते, जी त्याच्या आजोबांना गावी नव्हती. रविवारी तो उपासनेला गेला नाही तर विचारणारे कोणी नसते. वडीलधारी मंडळी याचे खापर इंग्रजी शिक्षणावर, चित्रपटावर आणि अलीकडे भ्रमणध्वनीवर फोडतात. हे निदान मला अपुरे वाटते. नव्या पिढीचा चर्चविषयीचा संशय नव्या साधनांतून जन्मलेला नाही. त्याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातील काही महत्त्वाची पाने मराठी माणसांनी लिहिलेली आहेत.

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते. त्यानंतरच्या काळात त्यांचा आणि सिस्टर जेराल्डिन यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पटेना. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असा त्यांचा सवाल होता. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, याचा निर्णय बिशपांनी करावा, हेही त्यांना मान्य नव्हते. अंडे घातलेले पक्वान्न त्या खात नसत, तर त्यात जातीचा अहंकार पाहिला गेला! पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटलेल्या या विदुषीला दुसऱ्या पुरोहितवर्गापुढे मान तुकविणे शक्य नव्हते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, रमाबाईंनी ख्रिस्ताला सोडले नाही. ज्यांनी ख्रिस्त आणि चर्च यांना एकच मानले, त्यांना मात्र हे बंड अश्रद्धेसारखे दिसले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे प्रकरण निराळे आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले, अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये दोन तपे राबलेले टिळक १९१७ साली मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्यांप्रमाणे न घेतलेल्यांनाही तेथे स्थान होते. मिशनचा पगार घेणारा उपदेशक आणि पगार देणारा परदेशी वरिष्ठ, या नात्यात बंधुभाव कसा टिकावा, ही त्यांची मूळ पृच्छा होती. अवघ्या दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, त्यांचे निधन झाले आणि दरबाराचा प्रयोग फार पुढे गेला नाही. त्यांची भजने मात्र मंडळीने आपलीशी केली. बंडखोराची गाणी ठेवावीत आणि बंड विसरावे, ही संस्थांची जुनीच रीत आहे.

तथापि रमाबाई आणि टिळक ही दोघेही ब्राह्मण कुळातून आलेली. महाराष्ट्रात व तमिळ प्रदेशात ज्यांनी मोठ्या संख्येने हा धर्म स्वीकारला, त्या अस्पृश्य समाजाची शंका याहून जहाल होती. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूर येथे ख्रिस्ती समाजापुढे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दक्षिणेतील चर्चमध्ये पाळल्या जाणाऱ्या जातिभेदाकडे बोट दाखविले होते. ख्रिस्ताविषयी आदर बाळगूनच त्यांनी हे सांगितले, हे विशेष. मद्रासच्या मिशनऱ्यांनी चर्चमधील जातीविरुद्ध १८५० सालीच एकत्रित ठराव केला होता. ठराव कागदावर राहिला आणि पंगती वेगळ्याच राहिल्या.

या शंकेला धर्मशास्त्राची भाषा दिली ती एका मराठी भाषकाने, आणि कालांतराने त्यांचे कार्यक्षेत्र ठरले ते मद्रास. अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगलोरला शूद्रांच्या धर्मशास्त्राची कल्पना मांडली; पुढे मद्रासच्या गुरुकुल लूथरन धर्मशास्त्र महाविद्यालयात ते दलित धर्मशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. भारतीय ख्रिस्ती चिंतन वेदान्ताशी संवाद करण्यात रमले आणि मंडळीतील बहुसंख्यांच्या यातनांकडे त्याने पाहिलेच नाही, असा त्यांचा आक्षेप होता. या कसोटीवर टिळकांची परंपराही सुटत नाही. काल ज्याने चर्चला प्रश्न विचारला, त्यालाच आज प्रश्न विचारला जातो. यात मला कृतघ्नता दिसत नाही.

निर्मळ १९९५ साली वारले. तोवर राज्यव्यवस्थेनेही कोंडी पुरी केली होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलितांना नाही. शासन म्हणते, तुमच्या धर्मात जात नाही. गावचे चर्च मात्र ती दररोज दाखविते. या दोहोंमध्ये सापडलेल्या तरुणाला उपदेशकाचे समतेवरील प्रवचन कसे ऐकू येत असेल?

मार्च २००८ मध्ये तत्कालीन विळुप्पुरम जिल्ह्यातील एरैयूर गावी वन्नियार ख्रिस्ती आणि दलित ख्रिस्ती यांच्यात दंगल उसळली आणि पोलिसांच्या गोळीबारात दोघे मृत्युमुखी पडले. दलितांची मागणी होती ती एवढीच, की आपण बांधलेल्या चर्चला स्वतंत्र धर्मग्रामाची मान्यता मिळावी.