चोडणचा बांध आणि तिवर

आळंदच्या काळ्या रानात वाढलेल्या माणसास खाऱ्या पाण्याची ओळख बहुधा पुस्तकातूनच होते. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचे, तळ्याचे, फार तर अमरजा नदीचे. आणि तेही कधी पुरेसे नाही. म्हणून शाळेची सहल गोव्यास नेली तेव्हा मुलांनी समुद्रासाठी हट्ट धरला असताही मी त्यांना प्रथम मांडवीतील चोडण बेटावर नेले. मुले थोडी रुसली. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली आणि काही मिनिटांतच आम्ही पलीकडे उतरलो. तेथेच, बेटाच्या टोकास, मांडवी आणि म्हापसा या नद्यांच्या संगमावर, डॉ. सलीम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. क्षेत्र अवघे १७८ हेक्टर. पक्षिशास्त्राचा हा थोर अभ्यासक १९८७ साली निवर्तला आणि पुढच्याच वर्षी हे अभयारण्य घोषित झाले.

भरतीचे पाणी चढू लागताच होडी तिवरांच्या झाडीत शिरली. आत आवाज असा नाहीच. मधूनच खंड्याची एक तीक्ष्ण हाक, की पुन्हा शांतता. चिखलातून तिवराची श्वासमुळे बोटांसारखी हजारोंनी वर आलेली. चिखलात हवा नाही, म्हणून झाडाने आपले नाकच वर काढले आहे असे मी मुलांस सांगितले. कांदळाची तऱ्हा याहून निराळी. त्याचे बी झाडावरच रुजते, हातभर लांब होते आणि मग भाल्यासारखे खाली पडून चिखलात उभे राहते, नाही तर भरतीबरोबर वाहत जाऊन दूर कोठे तरी रुजते. तिवराच्या पानास जीभ लावून एका मुलाने तोंड वेडेवाकडे केले. झाड नको असलेले मीठ पानावाटे बाहेर टाकते, त्याची ती चव होती. त्याच मुलाने मग विचारले, "सर, हे रान कोणी लावले?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यास इतिहासात बरेच मागे जावे लागते, आणि गंमत अशी की वाट आमच्याच मुलखातून जाते. ज्या महमूद गवानाचा मदरसा बीदरला आम्ही दरवर्षी मुलांना दाखवतो, त्याच वजिराने १४७२ साली गोवे जिंकून बहमनी राज्यास जोडले. पुढे ते विजापूरच्या आदिलशहाकडे गेले आणि १५१० च्या नोव्हेंबरात अल्बुकर्कने ते कायमचे घेतले. राजे असे बदलत होते. परंतु नदीकाठच्या गावकऱ्यास त्या सर्वांहून मोठा शत्रू दिवसातून दोनदा भेटत असे. तो म्हणजे भरती.

त्या भरतीस रोखून गोमंतकीयांनी जी शेते काढली त्यांना खाजन म्हणतात. आजही गोव्यात अशी जमीन सुमारे १८ हजार हेक्टर असल्याचे सांगतात. माती, चिरे आणि गवत यांचा बांध नदीच्या कडेने घालावयाचा, त्यात लाकडी दाराची मानस बसवावयाची. मानशीची रचना मोठी चतुर आहे. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने दार उघडते. भरती आली की बाहेरच्या रेट्याने आपोआप मिटते. आत पावसाळ्यात कोरगुट हे खारे सोसणारे भात पिकते, एरवी मासे आणि कोळंबी. मानशीवरील मासेमारीचा लिलाव होई आणि तो पैसा गावाच्या कामी येई.

आमच्याकडे बांध म्हटला की दोन भावांची कज्जेदलाली आठवते. खाजनाचा बांध एका घराचा असूच शकत नाही. एके ठिकाणी भगदाड पडले तरी साऱ्या गावाचे भात खारावते. म्हणून तो गावकरीकडे, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या सामाईक संस्थेकडे असे. पोर्तुगीज येण्यापूर्वीची ही व्यवस्था नव्या राज्यकर्त्यांनाही मोडता आली नाही. १५२६ साली आफोंसो मेशिया याने गावकऱ्यांचे रीतिरिवाज लेखी नोंदवून घेतले. सारा हवा असेल तर बांध उभा राहिला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

येथे मला, ख्रिस्ती शिक्षकास, एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. सोळाव्या शतकात या बेटांवरील देवळे पाडली गेली. चोडणची देवकीकृष्णाची मूर्ती भक्तांना बेटाबाहेर न्यावी लागली. आज ती माशेलच्या देवळात आहे, आईच्या कडेवर कृष्ण. बेटावर चर्चे उभी राहिली, जेझुइटांच्या नवदीक्षितांचे विद्यालय निघाले, १७५९ साली पोर्तुगालच्या राजाने तो संघच हद्दपार केला. देव गेला, पाद्री आले, पाद्री गेले. ज्या गावकऱ्यांनी धर्म बदलला त्यांनीही बांध मात्र पूर्वजांच्याच रीतीने राखला. खाऱ्या पाण्याने कोणाचा धर्म विचारला नाही.

मग बांध फुटू लागले ते कधी? १९६१ साली गोवा मुक्त झाला, १९६४ साली कूळ कायदा आला. कुळास न्याय मिळणे अगत्याचेच होते. परंतु बांधाची जबाबदारी जुन्या संस्थेकडून कुळांच्या संघांकडे गेली आणि पुष्कळ ठिकाणी ती कोणाचीच उरली नाही. तरुण नोकरीस गेले, भात परवडेनासे झाले, आणि बांधापेक्षा मानशीवरील मासळीत अधिक पैसा दिसू लागला. भगदाड बुजवले नाही की खारे पाणी शेतात ठाण मांडते. त्यामागून तिवराचे बी येते. काही वर्षांत शेताचे रान होते.

तिवरास दोष देऊ नये. बांधाच्या बाहेर तेच झाड लाटेचा मार अंगावर घेते, गाळ धरते, माशांच्या पिलांना आसरा देते. जुने गावकरी त्याला तेथे राखीत. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने खारफुटीस संरक्षण दिले, तेही योग्यच. पण बांधाच्या आत वाढलेल्या तिवरासही तोच कायदा लागला, तर आजोबांचे शेत परत मागणाऱ्या नातवाने काय करावे? मला पक्षी हवेत आणि कोरगुटही हवे. दोन्ही कसे साधावे हे मला ठाऊक नाही, आणि नुसते रान पाहून धन्य झालो असे म्हणणे मला अर्धवट वाटते.

परतताना वृद्ध होडीवाल्याने काठावरील तिवरांच्या एका पट्ट्याकडे बोट दाखवून सांगितले, तेथे त्याच्या लहानपणी भात होते. मुलांनी मानस पाहावयाची म्हणून त्याने होडी थोडी वळवली. चिऱ्यांची चौकट शाबूत होती, दार नव्हते. त्या मोकळ्या चौकटीतून पाणी आत चालले होते. मुलांनी ते बराच वेळ पाहिले, आणि मग ओहोटी लागण्यापूर्वी निघाले पाहिजे म्हणून होडीवाल्याने वल्हे उचलले.