उबेची राखण

उन्हाळ्यात रेडिओ वा संगणक तापून बिघडतो, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. थंडीनेही तो मरतो, हे आपल्या हवेत सहसा ध्यानी येत नाही. सर्किट बोर्डावरचे तांबे, प्लास्टिक, डाख हे सारे थंडीत निरनिराळ्या प्रमाणात आकसतात. दिवसरात्रीच्या अशा ओढाताणीने सांधे तडकतात. बॅटरीतले रसायनही मंदावते.

१७ नोव्हेंबर १९७० रोजी चंद्रावर उतरलेल्या सोव्हिएत 'लुनोखोद-१' गाडीपुढे चौदा दिवसांची रात्र होती. तिची रचना झाकणाच्या टबासारखी. झाकणाच्या आतल्या बाजूस सौरपत्रे. संध्याकाळ झाली की झाकण बंद. आत पोलोनियम-२१० या किरणोत्सारी द्रव्याची ऊब, आणि ती सर्वत्र पोचवण्यासाठी बंद पेटीत खेळवलेला वायू. तीन महिन्यांच्या बोलीवर गेलेली ही गाडी सुमारे दहा महिने चालली.

अमेरिकेच्या 'स्पिरिट' आणि 'ऑपॉर्च्युनिटी' या गाड्या जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरल्या. मंगळाची रात्र उणे १०० अंशांच्याही खाली जाते, आणि आतली उपकरणे तर उणे ४० च्या खाली जाऊ द्यायची नव्हती. म्हणून एरोजेलचे अस्तर लावलेली उबदार पेटी, विजेचे हीटर, शिवाय प्लुटोनियमचे जेमतेम एकेक वॅटचे आठ लहान हीटर. इतिहास लिहिणारे उतरण्याचे वर्णन रंगवून करतात. या पेटीला एखादे वाक्य मिळाले तरी पुष्कळ. मला हा अन्याय वाटतो.

'ऑपॉर्च्युनिटी'च्या बाबतीत तर ऊबच दुखणे ठरली. उतरताच लक्षात आले की, तिच्या हाताच्या खांद्यातला हीटर बंदच होत नाही. (आम्हा डॉक्टरांना हा न उतरणारा ताप ओळखीचा वाटेल.) रात्रभर तो बॅटरी पीत राही. तेव्हा अभियंत्यांनी धाडसी पथ्य सांगितले: रात्री बॅटरीच तोडायची. खांद्याचा हीटर विझेल, पण त्याबरोबर एका नाजूक उष्णतामापक उपकरणाचा हीटरही विझेल. ते गारठून गेले तर गेले. पेटीची राखण प्लुटोनियमवर सोपवायची. सकाळी उन्हाने सौरपत्र्यांत वीज आली की गाडी जागी होई. नव्वद मंगळदिवसांसाठी पाठवलेली ही गाडी चौदा वर्षे चालली, ४५ किलोमीटरहून अधिक.

'स्पिरिट'ला हे भाग्य लाभले नाही. २००९ मध्ये ती मऊ मातीत रुतली. हिवाळ्यात पत्रे सूर्याकडे कलवता येईनात, वीज घटली, हीटर उपाशी राहिले. २२ मार्च २०१० नंतर तिचा आवाज आला नाही.

आपल्या चंद्रयान-३ च्या 'विक्रम' आणि 'प्रज्ञान'मध्ये असे अणुहीटर नव्हते. मोहीम एका चांद्र दिवसापुरतीच आखलेली होती. २३ ऑगस्ट २०२३ ला उतरून, सप्टेंबरच्या आरंभी दोघांना निजवले. २२ सप्टेंबरपासून हाका मारल्या. उत्तर आले नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचे एकेक वॅटचे दोन हीटर मात्र प्रयोगादाखल त्याच मोहिमेत होते, वर कक्षेत फिरणाऱ्या यानावर.