मुका मार आणि विम्याची मंजुरी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

आपल्या भाषेत ‘मुका मार’ असा एक नेमका शब्द आहे. वरून खरचटलेले नाही, रक्त नाही, पण आत काहीतरी दुखावले आहे आणि ते बोलत नाही. म्हणून तो मुका. आमच्या देवळा तालुक्यात हा शब्द नेहमी कानावर पडतो. कांद्याच्या हंगामात ट्रॉलीवरून उडी मारताना पाय मुरगळतो, डाळिंबाच्या बागेत घसरून गुडघ्यात कळ येते, भावडबारी घाटात मोटारसायकल घसरते. पूर्वी अशा वेळी हाडवैद्य हाच आधार असे. तो बोटांनी चाचपून आत काय झाले ते सांगे, कामट्या बांधी, लेप लावी. त्याला कोणाची मंजुरी लागत नसे. आज आतले सगळे दाखवणारी यंत्रे आहेत. पण रोगी आणि यंत्र यांच्यामध्ये एक कागद आला आहे. हा कागद आला कुठून, ते आज पाहू.

आधी यंत्रांकडे वळू. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. पत्नीच्या हाताचे त्यांनी घेतलेले चित्र, हाडे आणि बोटातली अंगठी, जगभर गाजले. दोनच वर्षांनी, १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत, वायव्य सरहद्दीवर बीव्हर नावाच्या लष्करी डॉक्टरांनी जखमी सैनिकांसाठी हे यंत्र वापरले. म्हणजे हाडांसाठी क्ष-किरण ही गोष्ट आपल्या भागाला फार जुनी आहे. पण क्ष-किरण हाड दाखवतात. सांध्याला बांधून ठेवणारे लिगामेंट, गुडघ्यातली कूर्चा, मणक्यांमधली गादी त्यात नीट दिसत नाही. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्रावर पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. पुढे गुंतागुंतीचे फ्रॅक्चर समजून घ्यायला सीटी फार उपयोगी ठरला. त्यानंतर एमआरआय आला. त्यात क्ष-किरण नसतात, चुंबकीय क्षेत्र असते. मुका मार बोलता झाला तो खरा या यंत्रामुळे. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना त्यासाठी २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता विम्याकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे ही योजना सुरू झाली. तो विमा कारखान्यातल्या कामगाराचा होता. नाशिकच्या सातपूरमधल्या कामगाराला त्याचा आधार मिळाला. उमराण्याच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलणारा मात्र त्यात कधीच बसला नाही. १९७३ च्या १ जानेवारीपासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि चार सरकारी कंपन्या उरल्या. त्यांनी १९८६ साली ‘मेडिक्लेम’ आणली. मध्यमवर्गाला पहिल्यांदाच आजारपणाच्या खर्चाला हातभार मिळाला.

या पॉलिसीच्या मुळाशी एक समजूत होती: खरा आजारी तो, जो रुग्णालयात खाटेवर पडला. म्हणून किमान २४ तास दाखल असण्याची अट आली. केवळ निदानासाठी, क्ष-किरण किंवा प्रयोगशाळेच्या तपासणीसाठी झालेला खर्च मिळणार नाही, असेही कलम आले. १९८६ साली एमआरआय आपल्याकडे दुर्मीळ होता, त्यामुळे हे कलम कोणाला बोचले नाही. पुढे यंत्रे जिल्ह्याच्या गावी पोहोचली, अर्ध्या-पाऊण तासात तपासणी होऊ लागली, खाटेची गरजच उरली नाही. निदान खाटेवरून उठून बाहेर आले. विमा मात्र खाटेजवळच बसून राहिला. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली सगळ्या कंपन्यांच्या अपवादांची भाषा एकसारखी केली, तेव्हाही ‘मुख्यतः निदान व तपासणीसाठी दाखल होणे’ हा अपवाद कायम राहिला.

गेली काही वर्षे मी ओळखीच्या लोकांना विम्याचे कागद वाचून देतो. एका शेजाऱ्याचे उदाहरण सांगतो. ट्रॉलीवरून पडून गुडघा सुजला. क्ष-किरणात हाड धड. डॉक्टर म्हणाले, एमआरआय करा. आमच्याकडचे लोक त्यासाठी बहुधा मालेगाव किंवा नाशिक गाठतात. गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि तपासणीचे पैसे असा हिशेब असतो. कंपनी म्हणाली, दाखल नाही तर पैसे नाहीत. शेजारी ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणत दोन महिने लंगडत शेतात गेला. गुडघा सैल असताना त्यावर काम करत राहिले तर आतली कूर्चा आणखी फाटण्याची भीती असते. तपासणीला झालेला उशीर असा पायावर वसूल होतो.

विमा कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. ज्याच्या त्याच्या कंबरदुखीला एमआरआय, ही रीत वैद्यकशास्त्रालाही मान्य नाही. साधी कंबरदुखी बहुतेकदा काही आठवड्यांत बरी होते. पायातली ताकद जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप, मोठा अपघात अशी लक्षणे असतील तर मात्र थांबायचे नसते. चाळिशी ओलांडलेल्या, काहीही न दुखणाऱ्या माणसाच्या मणक्यातही एमआरआयमध्ये ‘गॅप’ दिसू शकतो आणि तो उगीच धास्तावतो. अमेरिकेत अशा तपासण्यांचा खर्च वाढला तेव्हा कंपन्यांनी पूर्वमंजुरीची चाळणी बसवली. आपल्याकडे २००१ साली त्रयस्थ प्रशासकांचे नियम आले, ‘कॅशलेस’ सोय रुजली आणि तिच्याबरोबर पूर्वमंजुरीचा अर्जही आला. चाळणी असावी. प्रश्न इतकाच की ती गरज पाहते की खाट?

गरिबांसाठी राज्याने २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर आली आणि २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर हाडांच्या मोठ्या शस्त्रक्रिया मोफत होऊ लागल्या, ही लहान गोष्ट नाही. पण तिथेही शस्त्रक्रियेच्या मंजुरीसाठी पुरावा म्हणून फिल्म पाठवावी लागते. म्हणून बाहेर तपासणी करण्याआधी योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठावे. शेतकऱ्यांसाठीच्या गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत एक हात किंवा पाय निकामी झाला तर एक लाख रुपये ठरलेले होते. पाय गेल्याची किंमत ठरते. पाय वाचावा म्हणून वेळेवर आत डोकावण्याचा खर्च कोणी उचलायचा, हे मात्र ठरत नाही.

मग हाती काय आहे? डॉक्टरांच्या चिठ्ठीत नुसते ‘एमआरआय गुडघा’ असू नये. दुखापतीची तारीख, तपासताना काय आढळले, क्ष-किरणाचा निष्कर्ष, आधी केलेले उपचार आणि या तपासणीवर कोणता निर्णय अवलंबून आहे, या पाच ओळी लिहून घ्याव्यात. पुढे त्याच दुखण्यासाठी दाखल व्हावे लागले, तर बहुतेक पॉलिसींत आधीच्या ३० दिवसांतला तपासणीचा खर्च मागता येतो. म्हणून मूळ बिल आणि अहवाल जपावा. केवळ तपासणीसाठी एक रात्र दाखल होण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये, वर सांगितलेला अपवाद नेमका तिथेच आडवा येतो. मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा आहे, आणि दावा नाकारायचा तर आढावा समितीच्या संमतीने, पॉलिसीतल्या अटीचा हवाला देऊनच. तेव्हा तोंडी नकार घेऊन घरी येऊ नये, तो लेखी मागावा. आधी कंपनीकडे तक्रार करावी. दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जावे. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही.

हे सगळे करूनही पैसे मिळतीलच असे नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो. मात्र कागदावर दुखणे नीट मांडले की नकार देणाऱ्यालाही कारण मांडावे लागते. आणि डॉक्टरांनी तातडी सांगितली असेल, तर मंजुरीची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी आणि बिलाचा वाद मागाहून घालावा. बिल थांबू शकते, गुडघा थांबत नाही.