पिस्तूल हातातून पडले तर?

१ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत जुहू येथे अभिनेते गोविंदा यांच्या पायाला गोळी लागली. हल्ला कोणी केला नव्हता. स्वतःचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटले, खाली पडले आणि त्यातून गोळी सुटली, असे त्या वेळी सांगण्यात आले. ती बातमी वाचून वर्गातल्या एखाद्या मुलीने विचारले, 'चाप कोणी ओढलाच नाही, मग गोळी सुटली कशी?', तर आपण काय उत्तर देऊ?

त्या एका रिव्हॉल्व्हरचा निवाडा करण्याचा आमचा हेतू नाही. पण हा प्रश्न बंदुका बनवणाऱ्यांना शंभराहून अधिक वर्षे छळतो आहे. प्रत्येक पिढीने त्याचे उत्तर शोधले, आणि ते पुरे आहे असे वाटत असतानाच त्यात नवे भोक सापडले. अगदी अलीकडचे भोक २०१७ साली सापडले. त्याच्यामागे असलेला नियम आपण आठवी-नववीत शिकवतो : जडत्वाचा.

ताणून ठेवलेली स्प्रिंग

काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी एक छोटी टोपी असते, तिला प्रायमर म्हणतात. तिच्यातली स्फोटक पूड ठोका बसला की पेटते, ती काडतुसातली दारू पेटवते आणि तयार झालेला वायू गोळीला नळीतून बाहेर ढकलतो. म्हणजे बंदुकीच्या यंत्रणेचे काम एवढेच, की हवे तेव्हा प्रायमरवर ठोका द्यायचा आणि इतर वेळी कधीही द्यायचा नाही. कामाचा हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा खूप अवघड आहे.

रानशेतच्या पाड्यावरच्या मुलांना गलोल चांगली माहीत असते. गलोलीचे रबर ताणलेले असेपर्यंतच तिच्यात ऊर्जा असते, आणि ते ताणून धरणारा हात मुलाचाच असतो. खिशात ठेवलेल्या गलोलीतून दगड सुटत नाही. पिस्तुलाचे तसे नाही. बहुतेक आधुनिक पिस्तुलांत स्प्रिंग आधीच दाबून ठेवलेली असते आणि एका छोट्या खिटीने ती अडवलेली असते. चाप ओढला की खिटी सरकते. दाबलेली स्प्रिंग कमरेला लावूनच पोलीस किंवा सैनिक दिवसभर वावरतो.

ठोका देण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत मागच्या बाजूला घोडा असतो. तो हातोडीसारखा फिरून पिनेवर आपटतो. भारतीय सैन्यासाठी ईशापूरच्या कारखान्यात बनणारे ९ मि.मी.चे पिस्तूल या जातीचे. घोडा मागे ओढलेला आहे की नाही, हे बाहेरून दिसते. दुसऱ्या पद्धतीत घोडाच नसतो. पिस्तुलाच्या आत एक दांडी स्प्रिंगच्या जोरावर सरळ पुढे धावते. तिला स्ट्रायकर म्हणतात. कॅरममधला हा शब्द आपल्याला परका नाही. बटण दाबून उघडायच्या बॉलपेनची स्प्रिंग आणि रिफिल डोळ्यापुढे आणली की रचना लक्षात येईल.

स्ट्रायकरची पद्धत जुनीच आहे. जॉन ब्राउनिंगने आखलेले आणि बेल्जियममधील एफ.एन. कारखान्यात बनलेले १९०० सालचे पिस्तूल या पद्धतीचे होते. १९१४ साली सारायेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पहिले महायुद्ध पेटले. ते एफ.एन. १९१० पिस्तूलही स्ट्रायकरचेच. सुटे भाग कमी, आणि घोडा कपड्यात अडकण्याची भीती नाही, हे या पद्धतीचे फायदे. पण स्प्रिंग दाबलेली आहे की मोकळी, हे बाहेरून एकदम कळत नाही.

सहा कप्पे, पाच गोळ्या

पडून गोळी सुटण्याचा प्रश्न आधी गाजला तो रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत. १८७३ सालच्या प्रसिद्ध कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये मिटलेल्या घोड्याची पिन थेट प्रायमरजवळ येऊन थांबे. ते घोड्यावर आपटले तर आघात सरळ काडतुसाला पोचे. त्यावर वापरणाऱ्यांनी स्वतःच उपाय काढला. सहा कप्प्यांत पाचच गोळ्या भरायच्या आणि घोड्याखालचा कप्पा रिकामा ठेवायचा! कारखान्याचा दोष गिऱ्हाइकाने सवयीने झाकला. पण सवय विसरते, नवख्याला ती ठाऊक नसते, आणि अपघात बहुधा नेमका तेव्हाच होतो.

दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली अमेरिकी आरमाराच्या एका जहाजावर स्मिथ अँड वेसन कंपनीचे 'व्हिक्टरी' रिव्हॉल्व्हर पोलादी डेकवर पडले आणि त्याच्या गोळीने एक खलाशी मेला. या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा अडवणारी पट्टी होती, पण ती दगा देऊ शकते असे दिसून आले. कंपनीने लगेच नवी पट्टी बसवली. चाप पूर्ण ओढल्याशिवाय ती घोड्याच्या वाटेतून बाजूला होत नाही.

रूगर या अमेरिकी कंपनीने १९७३ साली आणखी पुढचे पाऊल टाकले. तिच्या नव्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा पिनेपर्यंत पोचतच नाही. मध्ये एक पट्टी वर यावी लागते, आणि ती फक्त चाप ओढल्यावरच वर येते. १९८२ पासून कंपनीने आपली जुनी रिव्हॉल्व्हरही फुकट बदलून द्यायला सुरुवात केली. या उपायाचा विचार महत्त्वाचा आहे. नेहमीची अवस्था सुरक्षित हवी, आणि धोक्याची अवस्था मुद्दाम निर्माण करावी लागली पाहिजे.

ग्लॉकचे तीन पहारेकरी

१९८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याला नवे पिस्तूल हवे होते. एक अट अशी, की ते दोन मीटर उंचीवरून पोलादी पत्र्यावर पडले तरी गोळी सुटता कामा नये. गॅस्टन ग्लॉक हे पडद्यांच्या दांड्या आणि सुऱ्या बनवणारे कारखानदार होते. पिस्तुलाचा त्यांना अनुभव नव्हता. तरी १९८२ साली सैन्याने त्यांचेच पिस्तूल निवडले. आपल्याकडे राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या जवानांकडेही ग्लॉक असते.

त्यात बोटाने सरकवायचे सेफ्टीचे बटण नाही. त्याऐवजी आत तीन पहारेकरी आहेत. स्प्रिंग आधी अर्धवटच दाबलेली असते, उरलेली चाप ओढताना दाबली जाते, आणि तोवर खिटीला खाली घसरायला जागाच नसते. स्ट्रायकरच्या वाटेत एक आडवा खिळा असतो, तो चाप ओढल्यावर वर उचलला जातो. तिसरा पहारेकरी म्हणजे चापाच्या मध्यभागी असलेले चिमुकले पाते. बोटाने ते दाबले तरच चाप मागे जातो.

हे पाते कशासाठी? चापावर बोट असले तर ते दाबले जाणारच, आणि बोट नसेल तर चाप ओढला जाणारच नाही. मग त्याचा उपयोग काय? याचे उत्तर एस.टी.त मिळेल.

दहा ग्रॅमचा चाप

डहाणूहून रानशेतकडे निघालेल्या एस.टी.ला करकचून ब्रेक लागला, की उभे प्रवासी पुढे झुकतात. गाडी थांबते, पण माणसे त्याच वेगाने पुढे जाऊ पाहतात. पिस्तूल पाठीवर पडले तर ते जमिनीला टेकून थांबते, पण चाप हा त्यातला उभा प्रवासी आहे. तो मागे जातच राहतो. बोटाने ओढला तरी चाप मागेच जातो. यंत्रणेला दोहोंतला फरक कळत नाही.

ढोबळ हिशेब करून पाहू. पिस्तूल १.२ मीटर उंचीवरून पडले, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ४.८५ मीटर असतो. सिमेंटच्या फरशीवर ते २ मिलिमीटरमध्ये थांबले असे धरू. मग त्याचे मंदन गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ६०० पट येते. चापाचे वस्तुमान १० ग्रॅम असेल, तर त्याला रोखून धरायला सुमारे ६ किलो वजनाएवढे बल लागेल. पिस्तुलाचा चाप साधारण अडीच ते साडेतीन किलोच्या ओढीने मागे येतो. म्हणजे हा दहा ग्रॅमचा तुकडा स्वतःच्या जडत्वानेच स्वतःला ओढू शकतो! ग्लॉकमधले पाते ही वाट अडवते. पात्याचे वस्तुमान अगदी नगण्य असल्याने धक्क्याने ते दाबले जात नाही, आणि ते न दाबल्यामुळे चाप जागीच अडकतो.

सहा स्थिती आणि सातवी

जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने सिग सावर कंपनीच्या पी-३२० या स्ट्रायकर पिस्तुलाची निवड केली. अमेरिकेतील अनेक पोलीस दले तोवर ते वापरत होती. त्याच्या चापाला असे पाते नव्हते, आणि चाप चांगला जाडजूड होता. स्ट्रायकरच्या वाटेत अडसर होता खरा, पण चाप मागे गेला की तोही दूर होत असे. म्हणजे चाप फितूर झाला, की दुसरा पहारेकरीही त्याच्या मागोमाग जाई.

हे पिस्तूल तेथील प्रचलित चाचण्यांत उत्तीर्ण झाले होते. उद्योगाच्या नेहमीच्या चाचणीत पिस्तूल चार फुटांवरून काँक्रीटवर ठेवलेल्या रबरी चटईवर सहा स्थितींत टाकतात : तोंड वर, तोंड खाली, उताणे, पालथे, डावी कूस आणि उजवी कूस. २०१७ च्या उन्हाळ्यात काही लोकांनी ते निराळ्या तऱ्हेने टाकून पाहिले. मागचे टोक सुमारे तीस अंशांनी तिरके जमिनीला लागेल असे ते टाकले, तर काही पिस्तुलांतून ठोका बसत होता. ही स्थिती यादीत नव्हतीच. त्यात रबरी चटईवर थांबण्याचे अंतर वाढते आणि मंदन कमी होते, हेही आपल्या हिशेबावरून दिसेल.

८ ऑगस्ट २०१७ रोजी कंपनीने ग्राहकांना पिस्तूल पाठवल्यास फुकट सुधारून देण्याची योजना जाहीर केली. चाप, स्ट्रायकर आणि खिटी हलक्या वजनाच्या बसवल्या, शिवाय चाप व खिटी यांचा संबंध तोडणारा एक भाग वाढवला. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या चाचणी विभागाचा अहवाल आला. लष्कराच्या चाचण्यांतही पडल्यावर ठोका बसला होता आणि तिथेही हलके भाग बसवूनच दोष काढला, असे त्यात नोंदले आहे. उपाय किती साधा! बल हवे तेवढेच ठेवायचे आणि वस्तुमान कमी करायचे.

'परत बोलावणे' कोणाच्या हाती?

ही गोष्ट एका कंपनीची नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये स्मिथ अँड वेसनने 'शील्ड' पिस्तुले तपासायला सांगितली, कारण चापातल्या एका पिनेमुळे पडण्यापासूनचे संरक्षण निकामी होण्याचा संभव होता. त्याच महिन्यात स्प्रिंगफील्ड कंपनीने 'एक्स.डी.-एस.' पिस्तुले परत मागवली. गोळी भरतानाच ती सुटण्याची शक्यता होती. ब्राझीलच्या टॉरस कंपनीवर तिची पिस्तुले पडल्यावर सुटतात म्हणून अमेरिकेत दावा झाला. नऊ प्रकारच्या सुमारे दहा लाख पिस्तुलांबद्दलचा हा दावा कंपनीने दोष मान्य न करता तडजोडीने मिटवला. याच कंपनीने भारतीय भागीदाराबरोबर हरियाणात हिसार येथे कारखाना काढला आहे. त्यामुळे हा विषय आपल्यापासून फार दूरचा राहिलेला नाही.

सिग सावरने आपल्या योजनेला 'ऐच्छिक सुधारणा' म्हटले. ज्याने पिस्तूल पाठवले नाही, त्याच्याकडे जुनेच राहिले. अमेरिकेत खेळण्यातले अस्वल सदोष निघाले तर सरकारी ग्राहक-सुरक्षा आयोग ते बाजारातून काढायला लावू शकतो. खऱ्या पिस्तुलाबाबत त्याला तो अधिकार नाही. १९७२ च्या कायद्यातच बंदुका या आयोगाच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत.

वाद अजून संपलेला नाही. सुधारलेले पी-३२० सुद्धा चाप न ओढता, न पडता सुटते, असे म्हणत अनेकांनी दावे केले. २०२४ साली जॉर्जिया आणि फिलाडेल्फिया येथील ज्यूरींनी कंपनीविरुद्ध निकाल दिले. पिस्तूल आपोआप सुटते हे कंपनीला मान्य नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या एका तळावर याच जातीच्या पिस्तुलाच्या गोळीने एका जवानाचा मृत्यू झाला आणि हवाई दलाच्या त्या विभागाने पिस्तुलाचा वापर थांबवला. पण पुढे दुसऱ्या एका जवानाला सदोष मनुष्यवध आणि खोटी माहिती दिल्याच्या संशयावरून अटक झाली, आणि ऑगस्टमध्ये पिस्तुले पुन्हा वापरात आली. यंत्रावर लगेच विश्वास ठेवू नये, तसा त्याच्यावर लगेच ठपकाही ठेवू नये. दोन्हीसाठी तपासणी लागते.

वर्गात करून पहा

यासाठी बंदुकीची गरज नाही. पुठ्ठ्याचे एक खोके घ्या. आत काडीच्या आसावर पुठ्ठ्याची पट्टी अशी बसवा, की ती मागेपुढे हलू शकेल. एका बारीक रबराने ती पुढे ओढून धरा. पट्टीच्या टोकाला मातीचा गोळा चिकटवा आणि टोकाला ओला खडू फासा. पट्टी मागे गेली तर खोक्याच्या मागच्या भिंतीवर पांढरा डाग उठेल. हीच आपली 'गोळी'.

आता मुलांना गटांत बसवा आणि खोके कोणकोणत्या स्थितींत टाकायचे याची यादी आधी लिहायला सांगा. मग ते गादीवर आणि फरशीवर टाकून पाहू द्या. मातीचा गोळा लहान करत जा, डाग कधी उठायचा थांबतो ते नोंदवा. सर्व स्थिती तपासून झाल्यावर एक काम आणखी द्या : दुसऱ्या गटाने पहिल्या गटाच्या यादीत नसलेली एक स्थिती शोधायची.

यादीतल्या सगळ्या स्थितींत डाग उठला नाही, तर 'आमचे खोके सुरक्षित आहे' असे मुले म्हणतील. या सहा स्थितींत ते सुरक्षित आहे, एवढेच आपल्याला ठाऊक झाले, हे त्यांना दुसऱ्या गटाकडूनच कळू द्यावे. प्रश्नपत्रिका काढताना आपणही हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.