लिनक्स संगणकावरील पडदा-दर्शन

लिनक्स संगणकावरील पडदा-दर्शन : लिनक्स परिचालन प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर अक्षरे व चित्रे उमटविणारी व्यवस्था आणि तीत उद्‌भवणाऱ्या दोषांच्या निवारणाचा इतिहास. पडदा काळा पडणे, प्रतिमा फाटल्यासारखी दिसणे किंवा ती पडद्याच्या मापात न बसणे, ही दोषांची लक्षणे प्रारंभापासून जवळजवळ तीच राहिली आहेत. मात्र दोष कोठे शोधावा, याचे उत्तर सु. तीस वर्षांत अनेकदा बदलले. आरंभी ते वापरणाऱ्याने स्वहस्ते लिहिलेल्या एका फाइलीत होते. पुढे ते चित्रदर्शक आज्ञावलीत गेले आणि शेवटी प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, जाऊन पोहोचले. त्यामुळे जुन्या संगणकाच्या बाबतीत यंत्र कोणत्या वर्षाचे आहे आणि त्यावरील प्रणाली कोणत्या वर्षाची आहे, या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. एका काळातील रामबाण उपाय दुसऱ्या काळात निरुपयोगी, प्रसंगी अपायकारकही ठरतो.

लिनक्सचे कर्नल लायनस टॉरव्हाल्ड्‌स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात चित्रदर्शनाची स्वतंत्र सोय नव्हती. ती एक्स विंडो प्रणालीकडून आली. या प्रणालीचा आरंभ १९८४ मध्ये अमेरिकेतील मॅसॅचूसेट्‌स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत रॉबर्ट शाइफ्लर व जिम गेटिस यांनी केला होता आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये निघाली होती. इंटेल जातीच्या प्रक्रियकांवर चालणाऱ्या स्वस्त संगणकांसाठी टोमास रोएल यांनी एक्स-३८६ हे रूप तयार केले. त्यावरून १९९२ मध्ये एक्सफ्री-८६ हा स्वयंसेवकांचा प्रकल्प उभा राहिला. एक्स-३८६ च्या इंग्रजी उच्चारातील ‘थ्री’च्या जागी ‘फ्री’ घालून केलेला हा शब्दखेळ होय. पुढील दशकभर लिनक्सचा पडदा मुख्यतः याच प्रकल्पावर अवलंबून होता.

त्या काळातील पडदे ऋण किरण नलिकेचे होते. इलेक्ट्रॉन शलाका पडद्यावर एकामागून एक आडव्या रेषा काढीत जाते आणि प्रत्येक रेषेच्या शेवटी तिला परतण्यास काही अवधी द्यावा लागतो. या सर्व वेळा वापरणाऱ्याने एक्सएफ८६कॉन्फिग नावाच्या फाइलीत ‘मोडलाइन’ या ओळीत लिहावयाच्या असत. आयबीएम कंपनीने १९८७ मध्ये आणलेल्या व्हीजीए या मानकाचे उदाहरण घेता येईल. त्यात एका रेषेवर ६४० चित्रबिंदू दिसतात, पण परतीचा वेळ धरून हिशेब ८०० बिंदूंचा होतो. रेषा ४८० दिसतात, पण हिशेब ५२५ रेषांचा असतो. बिंदूंची कंप्रता २५.१७५ मेगाहर्ट्‌झ असल्याने तीस ८०० ने भागून रेषांची कंप्रता सु. ३१.४७ किलोहर्ट्‌झ येते आणि तिला ५२५ ने भागल्यास पडदा सेकंदाला सु. ५९.९४ वेळा रंगतो, असे निघते. हा भागाकार चुकला किंवा पडद्याची मर्यादा ओलांडली गेली, तर प्रतिमा वाकडी होऊन सरकू लागे. काही जुन्या पडद्यांना, विशेषतः एकाच कंप्रतेसाठी बांधलेल्या पडद्यांना, चुकीच्या संकेताने कायमची इजा होण्याचा संभव होता आणि माहितीपुस्तिकांत तसा स्पष्ट इशारा दिलेला असे. एरिक रेमंड यांनी या वेळांच्या गणितावर लिहिलेली मार्गदर्शिका त्या वेळी अनेकांना उपयोगी पडली. पडदा सुरू करण्यासाठी वापरणाऱ्याकडून इतक्या गणिताची अपेक्षा क्वचितच अन्य प्रणालीने केली असेल.

पडद्याने स्वतःची माहिती स्वतःच सांगावी, ही कल्पना व्हेसा या मानक-संघाने १९९४ मध्ये प्रत्यक्षात आणली. पडद्यातील १२८ बाइटांच्या एका स्मृतिखंडात त्याचा निर्माता, त्याची मापे व त्याला चालणाऱ्या कंप्रता नोंदविलेल्या असतात व संगणक त्या जोडतारेतून वाचतो. एक्सफ्री-८६ ची चौथी मोठी आवृत्ती २००० मध्ये निघाल्यावर या माहितीचा उपयोग वाढला आणि मोडलाइन लिहिण्याची गरज हळूहळू कमी झाली. २००४ मध्ये परवान्यातील नव्या अटीवरून प्रकल्पात फूट पडली. बहुतेक वितरणांनी एक्स-ऑर्ग या नव्या संस्थेचे रूप स्वीकारले.

सपाट पडदे आल्यावर दोषांचे स्वरूप पालटले. द्रव-स्फटिक पडद्याचे चित्रबिंदू ठरलेलेच असतात. चुकीचा संकेत मिळाल्यास तो सहसा बिघडत नाही, ‘मर्यादेबाहेर’ असा संदेश दाखवितो. इंटेलची ८५५ व ९१५ जातींची चित्रमंडले असलेल्या काही लॅपटॉपांत मात्र वेगळीच अडचण होती. त्यांचा रुंद पडदा १२८० × ८०० बिंदूंचा असूनही यंत्राच्या बायॉसमधील यादीत हे माप नसे आणि चालक आज्ञावली त्या यादीबाहेर जात नसे. परिणामी चित्र ताणलेले किंवा मध्येच आखडलेले दिसे. ९१५रिझोल्यूशन ही छोटी आज्ञावली प्रत्येक वेळी संगणक सुरू होताना स्मृतीतील बायॉसच्या प्रतीत योग्य माप घुसडी. २००७ मध्ये इंटेलची चालक आज्ञावली स्वतःच मापे ठरवू लागली, तेव्हा ही युक्ती इतिहासजमा झाली.

पडदा पूर्ण काळा दिसत असल्यास आज्ञावलीकडे वळण्यापूर्वी त्यावर विजेरीचा प्रकाश टाकून पाहणे इष्ट ठरते. अंधुक प्रतिमा दिसल्यास दोष मागील दिव्याचा असतो, लिनक्सचा नव्हे.

मोठा बदल २००९ मध्ये झाला. तोपर्यंत एक्सची आज्ञावली यंत्रसामग्रीवर थेट हुकमत चालवी. ती कोसळली, तर कर्नलला पडदा पूर्वस्थितीत आणता येत नसे व चालू असलेला संगणकही मृतवत भासे. जाणकार अशा वेळी दुसऱ्या संगणकावरून जाळ्याद्वारे त्यात शिरून नोंदवहीतील दोषदर्शक ओळी वाचीत. कर्नलच्या २.६.२९ या आवृत्तीत प्रथम इंटेलच्या मंडलांसाठी पडद्याचे माप ठरविण्याचे काम कर्नलकडे आले. त्यानंतर वर्षभरात ते रेडिऑन व एनव्हिडिया यांच्या कार्डांसाठीही आले. नव्या व्यवस्थेत जुने कार्ड अडखळले, तर संगणक सुरू होतानाच पडदा काळा पडतो. तेव्हा आरंभीच्या आज्ञेत ‘नोमोडसेट’ हा शब्द घालून कर्नलला या कामापासून परावृत्त करतात व व्हेसाच्या सामान्य पद्धतीने चित्र मिळवितात. हा उपाय तात्पुरता होय. त्याने चित्र मंद गतीने उमटते आणि पडद्याचे पूर्ण माप बहुधा मिळत नाही. तरीही कित्येक संगणकांवर तो कायमचा ठेवलेला आढळतो.

चित्ररूप पडदा नाहीसा झाल्यास उरतो तो अक्षरपडदा. त्यावर एका वेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षराकृती मावतात आणि जोडाक्षरांची जुळणी होत नाही. त्यामुळे देवनागरीत काम करणाऱ्याला दुरुस्ती मात्र रोमन लिपीतच करावी लागते.

जुन्या कार्डांची खरी अडचण पुढे निराळ्याच कारणाने वाढली. त्यांच्या आज्ञावली सांभाळणारे हात कमी झाले. मेसा या त्रिमितीय चित्रसंग्रहाने २०१२ मध्ये थ्रीडीएफएक्स, मॅट्रॉक्स, सॅव्हेज इ. कार्डांचा आधार काढला. कर्नलनेही २०२३ मधील ६.३ या आवृत्तीत त्यांचे उरलेले त्रिमितीय साहाय्य काढून टाकले. एनव्हिडिया कंपनीच्या बंदिस्त आज्ञावलींपैकी ३०४ या मालिकेचा आधार २०१७ अखेर, ३४० चा २०१९ अखेर व ३९० चा २०२२ अखेर संपला. नवे कर्नल घेतले की या आज्ञावली त्याच्याशी जुळत नाहीत. तेव्हा मालकापुढे दोन वाटा उरतात : असुरक्षित जुने कर्नल ठेवणे किंवा कंपनीच्या साहाय्याविना तयार झालेली नूव्हो ही मुक्त आज्ञावली स्वीकारून वेग गमावणे. जोवर त्या कार्डासाठी काम करणारे कोणी आहे, तोवर दुसरी वाट अधिक सुज्ञपणाची होय, कारण तिच्यातील दोष कोणालाही पाहता व सुधारता येतात.

क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये आरंभिलेल्या वेलँड या नव्या व्यवस्थेने एक्सची जागा क्रमाने घेतली. रेड हॅटच्या उद्योगांसाठीच्या वितरणाने मे २०२५ मधील दहाव्या आवृत्तीत एक्स-ऑर्गची मुख्य चित्रदर्शक आज्ञावली वगळली. एक्ससाठी लिहिलेल्या जुन्या आज्ञावली वेलँडवर चालविण्याची सोय मात्र राखली आहे. डेबियनच्या ऑगस्ट २०२५ मधील तेराव्या आवृत्तीत ३२-बिट इंटेल संगणकांसाठी कर्नल व स्थापना-आज्ञावलीच उपलब्ध नाही. बाराव्या आवृत्तीत ती होती.