बालपुस्तकांचे लेखक आणि चित्रकार : कौतुक पुष्कळ, चरितार्थ अवघड

पुणे : नारायण पेठेतील न. चिं. केळकर रस्त्यावर केसरीवाडा आहे आणि याच रस्त्याच्या टोकाला अप्पा बळवंत चौक, म्हणजे पुण्याचा पुस्तकबाजार आहे. नारायण, सदाशिव आणि शनिवार या लगतच्या तीन पेठांमध्ये मराठी प्रकाशन व्यवसायाचा मोठा भाग सामावलेला आहे. मनोविकास प्रकाशन नारायण पेठेतले. ज्योत्स्ना प्रकाशन आणि 'साधना' शनिवार पेठेतले. राजहंस प्रकाशन आणि ज्ञान प्रबोधिनीचे 'छात्र प्रबोधन' सदाशिव पेठेतले. मुलांसाठी लिहू किंवा चित्रे काढू इच्छिणाऱ्याला आपली वही घेऊन आज ना उद्या या परिसरातील जिने चढावे लागतात. ते चढण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात घेतलेल्या बऱ्या. पहिली अशी, की मराठीत केवळ बालपुस्तकांवर चरितार्थ चालवणे आजवर फारच थोड्यांना साधले आहे. दुसरी अशी, की लेखकापेक्षा चित्रकाराची बाजू कायद्याने आणि रूढीनेही लंगडी आहे. मात्र एका लेखी कराराने ती बरीचशी सावरता येते.

परंपरा नोकरी सांभाळून लिहिण्याची

मराठी बालसाहित्याच्या इतिहासातील मोठी नावे पाहिली, तर त्यांच्या उपजीविकेचे साधन बहुधा दुसरेच असल्याचे दिसते. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली 'बालबोध' मासिक सुरू केले आणि १९१४ साली निधन होईपर्यंत ते चालवले. हे गृहस्थ शिक्षण खात्यात नोकरीस होते. १९०६ साली 'आनंद' मासिक काढणारे वासुदेव गोविंद आपटे हे पत्रकार आणि कोशकार. 'मराठी शब्दरत्नाकर' हा त्यांचाच कोश. 'श्यामची आई'चे कर्ते साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. 'राणीची बाग' (१९६१), 'एटू लोकांचा देश' असे संग्रह मुलांना देणारे विंदा करंदीकर महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन करीत.

भा. रा. भागवत (१९१०-२००१) यांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा नायक त्यांनी निर्माण केला, ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांपर्यंत पोहोचवल्या. त्यांनी काही काळ आकाशवाणीत नोकरी केली. पुढे १९५१ साली त्यांनी 'बालमित्र' हे मासिक काढले. पत्नी लीलावती भागवत याही बालसाहित्यिक. पण अशा घरातले हे मासिकही काही वर्षांतच बंद पडले. फास्टर फेणे मात्र टिकला. १९८७ साली तो दूरदर्शनवर आला आणि २०१७ साली त्याच्यावर चित्रपट निघाला. लेखकाच्या पश्चातही पात्र अर्थार्जन करू शकते, हा यातला धडा आहे. त्यासाठी हक्क कोणाकडे आहेत, हे कागदोपत्री स्पष्ट असावे लागते.

चित्रकारांचा आधार : नियतकालिके आणि पाठ्यपुस्तके

लेखकाला निदान दुसरी नोकरी करून रात्री लिहिता येते. चित्रकाराचे काम अधिक वेळखाऊ. त्यामुळे त्याला नियमित कामाची गरज अधिक. मराठीत ही गरज प्रामुख्याने तीन ठिकाणी भागली : दिवाळी अंक, चित्रकथा आणि पाठ्यपुस्तके.

दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) यांनी मुखपृष्ठांच्या कामाला स्वतःच्या 'दीपावली' या नियतकालिकाची जोड दिली. १९६७ साली सुरू झालेल्या 'अमर चित्र कथा'ने राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्या मराठी चित्रकारांना देशभरचा बालवाचक मिळवून दिला. वाईरकरांनी 'टिंकल'मध्ये रेखाटलेला सुपंडी कोणत्याही प्रांतातले मूल ओळखते. त्याच्या चित्रकाराचे नाव मात्र क्वचितच कोणाला सांगता येते.

पाठ्यपुस्तकांचे क्षेत्र पुण्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे. 'बालभारती' या नावाने परिचित असलेले राज्य पाठ्यपुस्तक मंडळ १९६७ साली स्थापन झाले. मंडळाच्या गणिताच्या पुस्तकांसाठी व्यंगचित्रकार शि. द. फडणीस यांनी काढलेली चित्रे अनेक पिढ्यांच्या स्मरणात आहेत. २०२५ साली वयाची शंभरी गाठणाऱ्या फडणिसांनी शब्दांवाचून हसवणारी रेषा वर्गात नेली आणि बेरीज-वजाबाकीची धास्ती थोडी कमी केली. याच मंडळाने १९७१ साली 'किशोर' मासिक सुरू केले. माफक किंमत, रंगीत छपाई आणि शाळांपर्यंतची पोच यांमुळे अनेक नवोदित लेखक-चित्रकारांचे नाव प्रथम 'किशोर'मध्ये छापून आले. मासिकाचे जुने अंक आता इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. पन्नास वर्षांत बालचित्रांची शैली कशी पालटली, याचा अभ्यास करण्यास याहून सोयीचे साधन नाही.

दोन्ही कामे एका हाती

लेखन आणि चित्रे एकाच व्यक्तीची असली, तर मानधनाची वाटणी करावी लागत नाही आणि शब्द व चित्र यांचा मेळही चांगला बसतो. माधुरी पुरंदरे हे याचे ठळक उदाहरण. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील शिक्षण, फ्रान्समधील वास्तव्य, फ्रेंचचे अध्यापन, भाषांतरे, रंगभूमीवरील गायन आणि पिकासोचे चरित्र एवढी वाटचाल त्यांच्या बालपुस्तकांच्या पाठीशी आहे. 'राधाचं घर', 'यश' ही पुस्तके, 'वाचू आनंदे'चे संपादन आणि 'लिहावे नेटके' हे भाषाभ्यासाचे संच ज्योत्स्ना प्रकाशनाने काढले. त्यांच्या पुस्तकांत घरातली दोरीवर वाळणारी कपडे, स्वयंपाकघरातील डबे, आजोबांची खुर्ची या गोष्टी मजकुरात न सांगताही दिसतात. चित्र सांगते ते शब्दाने पुन्हा सांगू नये, हा चित्रपुस्तकाचा पहिला नियम येथे पाळलेला आढळतो. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. २०१६ साली 'पराग' उपक्रमाच्या पहिल्या बिग लिटल बुक पुरस्काराने त्यांच्या लेखनाचा गौरव झाला.

पुण्याचेच ल. म. कडू यांची वाट याहून निराळी. चित्रकार आणि लेखक असलेल्या कडूंनी 'गमभन'च्या रूपाने प्रकाशनही केले. धरणामुळे उठलेल्या गावातील बालपण सांगणाऱ्या त्यांच्या 'खारीच्या वाटा' या पुस्तकास २०१७ सालचा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. स्वतः प्रकाशक झाल्याने निर्णयाचे स्वातंत्र्य मिळते, पण छपाईची गुंतवणूक, वितरण आणि शिल्लक गठ्ठे यांची चिंताही पदरी येते.

चित्रपुस्तक कसे घडते

छपाईचा कागद सोळा पानांच्या फॉर्ममध्ये मोडतो. त्यामुळे लहान मुलांची पुस्तके बहुधा १६, २४ किंवा ३२ पानांची असतात. कथा हाती आल्यावर चित्रकार प्रथम सर्व पानांची छोटी कच्ची रेखाटने करतो. कोणत्या पानावर किती मजकूर, कोणते दृश्य दोन पानांवर पसरायचे, पान उलटताना मुलाला काय नवे दिसायचे, हे त्यातच ठरते. मग पुस्तकाच्या आकाराची डमी तयार होते. पात्राचा चेहरा, कपडे आणि उंची पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तीच राहावी लागते. महत्त्वाचा तपशील पुस्तकाच्या शिवणीत जाऊ नये आणि कापणीत कडेला उडू नये, याचेही भान लागते. एकेक चित्र सुंदर असूनही सलग पुस्तक जमत नाही, असे घडते ते डमीचा टप्पा टाळल्यामुळे.

लेखकासाठीही हा टप्पा उपयोगी असतो. चित्रे समोर आली की मजकुरातली वर्णने अनावश्यक ठरतात आणि वाक्ये गाळावी लागतात. अशा वेळी गाळण्यास तयार असणारा लेखक प्रकाशकांना हवाहवासा वाटतो.

मिळकतीचे गणित

बालपुस्तकांच्या मिळकतीचे दोन प्रकार आहेत. विक्रीनुसार मिळणारे स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, हा पहिला. एकरकमी मानधन हा दुसरा. लेखकाला बहुधा पहिला आणि चित्रकाराला दुसरा प्रकार लागू होतो, अशी मराठीतील सर्वसाधारण रीत आहे.

हिशेबापुरते उदाहरण घेऊ. पुस्तकाची किंमत १०० रुपये, आवृत्ती १००० प्रतींची आणि रॉयल्टी दहा टक्के धरली, तर संपूर्ण आवृत्ती खपल्यावर लेखकाच्या हाती १० हजार रुपये येतील. आवृत्ती खपण्यास दोन वर्षे लागली, तर वर्षाचे ५ हजार. चित्रकाराला एकरकमी मानधन लगेच मिळते. मात्र पुस्तकाच्या पुढे दहा आवृत्त्या निघाल्या, तरी त्यात एका रुपयाची भर पडत नाही. बालपुस्तकाचे आयुष्य मोठे असते. आईने वाचलेले पुस्तक ती मुलीसाठी विकत घेते. त्यामुळे हा फरक कादंबरीच्या मुखपृष्ठापेक्षा चित्रपुस्तकात अधिक जाणवतो. ज्या पुस्तकात निम्म्याहून अधिक गोष्ट चित्रच सांगते, तेथे रॉयल्टीत चित्रकाराचा वाटा असणे न्याय्य ठरते. अमेरिकेसारख्या देशात चित्रपुस्तकाची रॉयल्टी लेखक आणि चित्रकार यांच्यात समसमान वाटण्याची पद्धत रूढ आहे.

कायदा काय सांगतो

१९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेखनाचा पहिला हक्कदार सामान्यतः लेखकच असतो. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. म्हणूनच १ जानेवारी २०११ पासून त्यांची पुस्तके कोणालाही छापता येऊ लागली.

चित्राबाबत मात्र कलम १७ मध्ये एक अपवाद आहे. मोबदला देऊन एखाद्याच्या सांगण्यावरून काढलेले रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला हक्क काम सांगणाऱ्याकडे जातो. पुस्तकातील रेखाटने या व्याख्येत कितपत बसतात, यावर वाद होऊ शकतो. तो न्यायालयात नेण्यापेक्षा काम सुरू होण्यापूर्वी दोन ओळींत मिटवणे सोपे. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून केलेली निर्मिती सामान्यतः मालकाची ठरते, हेही लक्षात ठेवावे.

हक्क दुसऱ्याला द्यायचे असतील, तर ते लेखी आणि स्वाक्षरीनिशीच द्यावे लागतात, असे कलम १९ सांगते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. कलम ५७ नुसार, हक्क दिल्यानंतरही आपल्या कृतीचे कर्तेपण सांगण्याचा आणि तिच्या विटंबनेस हरकत घेण्याचा अधिकार निर्मात्याकडे राहतो. चित्रकाराचे नाव छापणे हा प्रकाशकाचा केवळ मोठेपणा नव्हे, तो या अधिकाराचा मान आहे.

पुरस्कारांतही तफावत

साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो. पहिल्या वर्षी मराठीत तो अनिल अवचट यांना मिळाला. हा पुरस्कार लेखनासाठी आहे. चित्रकाराचा स्वतंत्र सन्मान करण्याची प्रथा परदेशात जुनी आहे. अमेरिकेत चित्रपुस्तकांसाठीचे कॅल्डेकॉट पदक १९३८ पासून आहे, तर आंतरराष्ट्रीय हान्स अँडरसन पुरस्कारात १९६६ पासून चित्रकारांसाठी वेगळा विभाग आहे. आपल्याकडे बिग लिटल बुक पुरस्काराने लेखक आणि चित्रकार अशा दोघांची दखल घेण्यास सुरुवात केली. मराठीतील ग्रंथपुरस्कारांनीही हा मार्ग अनुसरण्यास हरकत नसावी.

सुरुवात कोठून करावी

चित्रकारास उपयोजित कलेचे शिक्षण पायाभूत ठरते. मुंबईत सर जे. जे. उपयोजित कला संस्था आणि पुण्यात अभिनव कला महाविद्यालय ही त्याची परिचित ठिकाणे. लेखकासाठी असा ठरावीक अभ्यासक्रम नाही. मुलांसमोर वाचून दाखवणे हीच त्याची परीक्षा. 'किशोर', 'छात्र प्रबोधन', वनस्थळीचे 'निर्मळ रानवारा', 'साधना'चे बालकुमार दिवाळी अंक ही पहिल्या कामाची योग्य दारे होत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या २०१५ साली सुरू झालेल्या संकेतस्थळावर मराठीतही लेखन करता येते. मात्र तेथील साहित्य श्रेय देऊन कोणालाही वापरता येते, ही अट समजून घेऊनच तेथे जावे.

काम स्वीकारताना करारात पुढील बाबी असाव्यात :

- मानधन एकरकमी की रॉयल्टी; रॉयल्टी असल्यास टक्केवारी आणि हिशेब देण्याची तारीख
- हक्काची मुदत, भाषा आणि प्रदेश
- पुनर्मुद्रण, भाषांतर, ई-पुस्तक, चित्रपट व खेळणी यांसाठी वेगळा मोबदला
- मूळ चित्रे परत मिळण्याची हमी
- मुखपृष्ठावर की आतल्या पानावर, नाव नेमके कोठे छापणार
- किती वेळा दुरुस्त्या करून द्यायच्या आणि काम रद्द झाल्यास किती रक्कम मिळणार
- संगणकीय प्रतिमानिर्मितीसाठी चित्रांचा वापर करता येईल किंवा नाही

नोकरी सांभाळून लिहिण्याची परंपरा लगेच बदलेल, असे नाही. पण पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या खपत असताना त्याच्या चित्रकाराला ना पैसा ना नाव, ही स्थिती बदलणे लेखक, चित्रकार आणि प्रकाशक यांच्याच हाती आहे. वाचकही एक गोष्ट करू शकतात. मुलाला गोष्ट वाचून दाखवताना लेखकाच्या नावापाठोपाठ चित्रकाराचे नावही मोठ्याने वाचावे.