सूर्यमाळच्या सहलीसाठी बस ठरविताना...

पावसाळा सुरू झाला की मुंबई, ठाणे आणि नाशिक परिसरातील गृहनिर्माण सोसायट्या, महिला मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ आणि कार्यालयीन मित्रमंडळींच्या एकदिवसीय सहलींचे बेत आखले जाऊ लागतात. माथेरान, लोणावळ्याची गर्दी नकोशी झालेल्यांची पावले अलीकडे पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्याकडे वळत आहेत. खोडाळ्याजवळचे सूर्यमाळ हे त्यातील एक आवडते ठिकाण. थंड हवा, दाट धुके, जवळच देवबांधचे गणेश मंदिर आणि वाटेत विहीगावचा धबधबा, असा भरगच्च कार्यक्रम एका दिवसात बसतो. तथापि, या सहलीचे यश खाण्यापिण्याच्या बेतापेक्षा एका साध्या निर्णयावर अवलंबून असते. तो निर्णय म्हणजे वाहन कोणते, कोणाकडून आणि कोणत्या अटींवर घ्यायचे.

आधी रस्ता, मग वाहन

मुंबई-ठाण्याहून भिवंडी, पडघा, शहापूरमार्गे कसाऱ्यापर्यंतचा प्रवास महामार्गाचा आहे. कसारा घाट चढण्यापूर्वी डावीकडे जव्हारकडे जाणारा रस्ता लागतो. तेथून विहीगाव, खोडाळा आणि पुढे सूर्यमाळ. पश्चिम उपनगरांतील मंडळींना मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा असाही मार्ग आहे. नाशिककरांना त्र्यंबकेश्वरहून मोखाडामार्गे खोडाळा गाठता येते. कोणताही मार्ग निवडला तरी शेवटचा टप्पा चढ-उताराचा आणि वळणांचा आहे. ४५ ते ५० आसनांची बस महामार्गावर सोयीची असली, तरी अशा रस्त्यावर समोरून वाहन आल्यास तिला मागेपुढे करणे जड जाते. पन्नास जणांचा गट असेल तर एका मोठ्या बसऐवजी दोन मिनी बस घेण्याचा विचार जरूर करावा. खर्च थोडा वाढतो; पण एक गाडी बंद पडल्यास सगळाच गट रस्त्यावर अडकून पडत नाही.

लहान गटासाठी टेम्पो ट्रॅव्हलर पुरेशी असते. मात्र आसनांची संख्या माणसांच्या संख्येएवढीच नको, दोन-तीनने जास्त असावी. सामान, खाद्यपदार्थांची पातेली आणि ऐनवेळी येणारा पाहुणा यांचा हिशेब आधीच धरलेला बरा. लहान मुलांनाही स्वतंत्र आसन धरावे. क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी बसविल्यास मोटार वाहन कायद्यानुसार प्रत्येक जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड आहे. त्याहून गंभीर बाब म्हणजे जादा भारामुळे घाटउतारावर ब्रेकवर येणारा ताण.

एसटीचा 'प्रासंगिक करार'

१९४८ साली रस्त्यावर आलेली एसटी केवळ ठरलेल्या मार्गांवरच धावते, असा अनेकांचा समज आहे. लग्न, यात्रा, सहल अशा कारणांसाठी महामंडळ संपूर्ण बस भाड्याने देते. त्याला 'प्रासंगिक करार' म्हणतात. जवळच्या आगारात अर्ज करून आगाऊ रक्कम भरावी लागते. शाळांच्या सहलींना भाड्यात सवलत मिळते. आसने आरामदायी नसतील, संगीताची सोय नसेल. परंतु चालक महामंडळाचा प्रशिक्षित कर्मचारी असतो आणि आकारणीचे नियम ठरलेले असतात. सुट्ट्यांच्या आणि गर्दीच्या दिवसांत बस मिळणे अवघड असल्याने अर्ज बराच आधी करावा.

खासगी वाहन घेताना

व्यवहार करण्यापूर्वी वाहनाचा क्रमांक मागून घ्यावा. भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या वाहनाच्या पाटीची पार्श्वभूमी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. पांढऱ्या पाटीचे खासगी वाहन स्वस्तात मिळत असले तरी ते भाड्याने देणे बेकायदा आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी अटींच्या भंगाचे कारण पुढे करते आणि भरपाईचा दावा वर्षानुवर्षे रेंगाळू शकतो.

पुढील कागदपत्रे वैध आहेत ना, हे पाहावे : कंत्राटी प्रवासी वाहतुकीचा किंवा पर्यटक वाहनाचा परवाना, योग्यता प्रमाणपत्र, विमा, पीयूसी आणि चालकाचा त्या वर्गातील वाहनासाठीचा परवाना. प्रवासी वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. 'एमपरिवहन' या सरकारी ॲपवर वाहन क्रमांक टाकून यातील बहुतेक तारखा घरबसल्या तपासता येतात. ठरविलेल्या गाडीऐवजी ऐनवेळी दुसरीच गाडी दारात उभी राहिली, तर तिचीही अशीच तपासणी करावी.

भाड्याचा खरा हिशेब

'एवढ्या रुपयांत नेऊन आणतो' असे तोंडी आश्वासन वादाला आमंत्रण देते. बहुतेक व्यावसायिक प्रति किलोमीटर दर आणि दिवसाचे किमान अंतर अशी दुहेरी अट घालतात. उदाहरणादाखल दर ३० रुपये आणि किमान अंतर ३०० किलोमीटर धरू. गाडी प्रत्यक्षात २६० किलोमीटर धावली तरी ७,८०० नव्हे, तर ९,००० रुपये द्यावे लागतील. अंतर बहुधा गाडीच्या गॅरेजपासून पुन्हा गॅरेजपर्यंत मोजले जाते. त्यामुळे दूरच्या उपनगरातील स्वस्त गाडी शेवटी महाग पडू शकते. अनेक ठिकाणी दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री असा धरतात. रात्री ११ वाजता निघाल्यास तो एक तासही स्वतंत्र दिवस ठरतो. टोल, पार्किंग, चालकाचा भत्ता, वातानुकूलन, जीएसटी आणि सहल रद्द झाल्यास परत मिळणारी रक्कम यांचा उल्लेख लेखी करारात असावा. गाडी निघताना आणि परतल्यावर मीटरचे छायाचित्र काढून ठेवावे.

चालकाची झोप

घासाघीस करताना सर्वांत दुर्लक्षित राहतो तो चालक. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांना महाबळेश्वरला सहलीसाठी नेणारी बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली. त्यातून केवळ एक जण बचावला. १५ एप्रिल २०२३ रोजी पहाटे पुण्याकडील कार्यक्रम आटोपून मुंबईला परतणाऱ्या झांज पथकाची खासगी बस बोरघाटात कोसळून १३ जणांचा मृत्यू झाला. अपघातांची कारणे वेगवेगळी असतात. पण घाट, पाऊस आणि अपुरी झोप एकत्र आल्यास धोका कितीतरी वाढतो, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ नुसार चालकाचे काम सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तासांचे, लांब पल्ल्याच्या प्रवासात फार तर दहा तासांचे असावे, अशी मर्यादा होती. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती त्यात आवश्यक होती. पहाटे पाचला निघून रात्री बाराला परतण्याचा बेत या चौकटीत बसविणे कठीणच. म्हणूनच आदल्या रात्री चालक दुसऱ्या फेरीवर होता का, हे स्पष्टपणे विचारावे. सूर्यमाळला पोहोचल्यावर त्याच्या जेवणाची आणि दोन तास आडवे होण्याची सोय करावी. परतीचा घाटरस्ता अंधार पडण्यापूर्वी संपेल अशा बेताने निघावे. संगीताचा आवाज वाढविण्याचा किंवा 'जरा दामटा' असा आग्रह चालकाला करू नये.

निघण्यापूर्वी

पावसाळ्यात धबधब्यांच्या ठिकाणी प्रशासन मनाई आदेश काढते. विहीगाव ठाणे जिल्ह्यात, तर सूर्यमाळ २०१४ साली स्थापन झालेल्या पालघर जिल्ह्यात येते. त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांच्या आदेशांची चौकशी करावी. इंधन महामार्गावरच भरून घ्यावे. जेवण हवे असल्यास स्थानिकांना आधी कळवावे. आयत्या वेळी पन्नास पाने वाढण्याची सोय लहान गावात नसते. मोबाइलची रेंज सर्वत्र मिळेल असे गृहीत न धरता प्रवाशांची यादी, गाडीचा क्रमांक आणि परतीची वेळ घरी असलेल्या एका जबाबदार व्यक्तीकडे देऊन ठेवावी.

बसचा खर्च परवडत नसल्यास लोकलने कसारा गाठावे आणि तेथून पुढच्या टप्प्यासाठी परवानाधारक जीप किंवा एसटीचा आधार घ्यावा. महामार्गावरचा कंटाळवाणा प्रवास त्यामुळे टळतो. या पर्यायात परतीच्या गाडीची वेळ मात्र सकाळीच नक्की करून ठेवावी.